घुणाक्षरे वाचणारा डोळा



शताब्दीच्या निमित्ताने ‘मनाच्या अवघड अवस्था आणि निर्मिती’ या विषयावर मी काही बोलावे, अशी आपल्या कार्यवाहांची इच्छा. या विषयावर बोलण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. तमसेच्या तीरावर व्याधाचा बाण सुटला, क्रौंच पडला आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, येथून वक्त्याने प्रारंभ करायचा. दुःख हीच काव्याची जननी, असे सांगायचे. आणि श्रोत्यांच्या मनात थोडी हळहळ ठेवून खाली बसायचे. ती कथा मलाही प्रिय आहे. परंतु तिच्यातील दोन गोष्टींकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एक अशी की, वाल्मीकी त्या दिवशी काव्य शोधायला निघाले नव्हते. ते स्नानाला निघाले होते. व्याध घटकाभर उशिरा आला असता तर त्यांचे स्नान झाले असते आणि ते आश्रमात परतले असते. दुसरी अशी की, त्या वेळी त्यांच्याबरोबर भरद्वाज हा शिष्यही होता. तोही त्याच तीरावर होता. श्लोक मात्र एकाच्याच मुखातून आला.

म्हणजे शोक असला की श्लोक होतोच असे नाही, आणि योगायोग जुळून आला म्हणूनही तो होत नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी योगायोगासाठी दोन सुंदर न्याय सांगून ठेवले आहेत. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडते, तो काकतालीय न्याय. तो बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा घुणाक्षरन्याय. घुण हा लाकूड पोखरणारा किडा. तो आपल्या पोटासाठी पोखरत जातो आणि त्याने कोरलेल्या वेड्यावाकड्या रेघेतून कधीतरी एखादे अक्षर उमटते. किड्याला अक्षर ठाऊक नसते. ग्रंथालयाच्या सभासदांना किड्यांविषयी प्रेम असण्याचे कारण नाही, हे मी जाणतो. तरीही हा न्याय मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण त्यात न सांगितलेला एक तिसरा माणूस आहे, आणि तो म्हणजे ते अक्षर आहे हे ओळखणारा. निरक्षराच्या लेखी ते भोक ते भोकच. शिवाय साक्षर माणूससुद्धा आपल्या कामाच्या घाईत असला तर त्या खांबावरून हात फिरवून पुढे जातो. तो थांबतो केव्हा? माझ्या समजुतीप्रमाणे, त्याचे मन कशाने तरी अडलेले असते तेव्हा.

हे मला तत्त्वचर्चेने सिद्ध करायचे नाही. आपल्या बडोद्यात वाढलेल्या एका माणसाची हकिकत सांगावी, असे मी योजले आहे. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके म्हटले की मुंबई आणि नाशिक यांची आठवण होते. बडोद्याचे नाव ओघाने येते आणि मागे पडते. वास्तविक त्यांच्या घडणीचा मोठा भाग या शहराचा आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि पुढे वडीलबंधूंच्या आधाराने बडोद्यास आला. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले, आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे दिली. त्या कलाभवनात फाळके शिकले. पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची तंत्रविद्या शाखा झाली ती हीच संस्था; आपल्या प्रतापनगराहून ती फार लांब नाही. रंगकाम, छायाचित्रण, वास्तुकलेचे नमुने करणे, छपाईचे ठसे करणे असे जे जे हाताला येईल ते या विद्यार्थ्याने शिकून घेतले. गज्जरांनी त्याची ओढ ओळखली आणि छायाचित्रणाची साधने त्याच्या स्वाधीन केली. एका हाताने इतके धंदे शिकणाऱ्याला आपल्याकडे ‘धरसोड्या’ म्हणण्याची पद्धत आहे. तेव्हाही तसे म्हणणारे थोडे नसतील.

त्यानंतर फाळके यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तो बऱ्यापैकी चालू लागला असतानाच प्लेग आला. त्या साथीत त्यांची पत्नी गेली आणि मूलही गेले. दुकान बंद करून ते बडोद्यास परत आले. वय जेमतेम तिशीचे. येथे पुन्हा छायाचित्रांचाच धंदा करून पाहिला. पण फोटो काढला की माणसाची शक्ती त्या यंत्रात ओढली जाते, अशी लोकांची समजूत होती, आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगवणे सुरू झाले. याच काळात बडोद्यात एक जर्मन जादूगार खेळ करायला आला होता. फाळके यांनी त्याच्याकडून हातचलाखीचे आणि नजरबंदीचे प्रयोग शिकून घेतले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्याची बायको आणि मूल प्लेगने नेले आहे, ज्याचा धंदा बसला आहे, असा तिशीतला मनुष्य जादूगाराकडे जाऊन जादू शिकतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसे दिसले असेल? दुःख झालेल्या माणसाने एकतर कोपऱ्यात बसावे, नाहीतर चटकन दुसरा संसार थाटून स्थिरस्थावर व्हावे, ही आपली अपेक्षा. फाळके यांनी पुढे १९०२ मध्ये दुसरा विवाह केला, तेव्हा त्या अपेक्षेचा एक भाग पूर्ण झाला. परंतु स्थिरस्थावर ते कधीच झाले नाहीत. पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली, ती सोडली. लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला, तो मुंबईत आणला, १९०९ मध्ये नवी यंत्रसामग्री पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी न पटून स्वतःच उभ्या केलेल्या कारखान्यातून बाहेर पडले. या वेळी वय चाळिशीचे. शोकाची जागा आता मनस्तापाने घेतली होती. शोकावर कविता होतात. भागीदारीतल्या कडवटपणावर सहसा कोणी कविता करीत नाही, पण माणसाला पोखरण्याचे काम तोही तितक्याच चिकाटीने करतो.

अशा मनःस्थितीत घडलेला प्रसंग चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. १९११ सालच्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावातल्या एका चित्रपटगृहात फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गेले. पडद्यावर जिवंत हालचाल करणारे प्राणी पाहून पोराला अचंबा वाटला. घरी येऊन त्याने आईला सांगितले. कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या कुटुंबाला घेऊन तेच प्राणी पाहायला गेले. परंतु सण असल्यामुळे त्या दिवशी प्राण्यांचा खेळ नव्हता; येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा चित्रपट लावला होता. पाहायला गेले सिंह-हत्ती, आणि समोर आला ख्रिस्त! फाळके यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात स्वतःच लिहिले आहे की, डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना मनात मात्र ते कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या पाहत होते.

त्या तंबूत त्या दिवशी किती प्रेक्षक असतील? सर्वांनी तोच चित्रपट पाहिला. घुणाची रेघ सर्वांसमोर होती. ती वाचता आली त्याला, ज्याने कलाभवनात छायाचित्रण शिकले होते, ठसे केले होते, नाटकांचे पडदे रंगवले होते, जादूगाराची नजरबंदी आत्मसात केली होती, आणि ज्याच्यापाशी त्या दिवशी दुसऱ्या दिवशीचे ठरलेले काम नव्हते. कारखान्यात सारे सुरळीत असते, तर हे चित्र पाहून ते घरी आले असते, मुलांशी चार शब्द बोलले असते आणि सकाळी शाईच्या डब्यांकडे वळले असते. हा माझा तर्क आहे, हे मान्य. पण तो अगदीच निराधार वाटत नाही. त्यांचा कडवटपणा त्या दिवशी निर्मितिक्षम झाला असे मी म्हणत नाही. त्याने एवढेच केले की, मनाचे दार लागू दिले नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, तो मी भराभर सांगतो. रात्रंदिवस चित्रपट पाहून पाहून डोळे बिघडले, काही काळ दृष्टी गेली, उपचारांनी परत आली. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे ओळखीचे कोणी नाही. पिकॅडिलीच्या परिसरात भटकत असताना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. त्या साप्ताहिकाचे ते मुंबईत वर्गणीदार होते. तेवढ्या ओळखीवर आत गेले. संपादकांनी प्रथम परावृत्त केले, आणि मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले, ज्याने १८९७ इतक्या पूर्वी चलच्चित्रणावर पुस्तक लिहिले होते. वाचक सभासदांसमोर मी हे मुद्दाम सांगतो आहे: परक्या शहरात अचानक दिसलेली पाटी हा योगायोग खरा, पण ती पाटी ओळखीची वाटण्यासाठी आधी वर्गणी भरलेली असावी लागते.

परत आल्यावर त्यांनी काढलेली पहिली चित्रफीत एका वाटाण्याच्या रोपाची होती. कुंडीत दाणा पेरायचा आणि कॅमेरा तेथेच ठेवून एकेक चित्र घेत राहायचे. महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसते. ती पाहून भांडवल देणाऱ्यांना धीर आला. मग ‘राजा हरिश्चंद्र’. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. जिला कोणत्याही घराण्याची अब्रू सांभाळायची नव्हती, तीही तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा आचारी दृष्टीस पडला. त्याचा सडसडीत बांधा आणि नाजूक हात पाहून फाळके यांनी त्यालाच तारामती केले. हाच साळुंके पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामही झाला आणि सीताही. चहाच्या दुकानात चहा घ्यायला जाणारे पुष्कळ. वाढणाऱ्याचे हात पाहणारा विरळा.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्याच्यामुळे हा विषय मला सोपा वाटत नाही. हरिश्चंद्राची कथा तुम्हा-आम्हाला पाठ आहे: बायको आणि मूल गमावलेला पुरुष, आणि स्मशानात आलेले स्वतःच्याच पुत्राचे शव. त्या काळी रंगभूमीवर हा विषय लोकप्रिय होता आणि निवडीचे तेच व्यावहारिक कारण होते. तरीही गोध्र्याला बायको आणि मूल गमावलेल्या माणसाने पहिल्या चित्रासाठी हीच कथा घ्यावी, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. रोहिदासाची भूमिका केली ती भालचंद्रानेच. चित्रण वांगणीला चालले होते. चरित्रकार सांगतात की, खेळता खेळता भालचंद्र पडला, डोक्याला खोक पडली आणि मुलगा बेशुद्ध झाला. सोबतच्या मंडळींनी त्याला मुंबईला न्यावे असे सुचवले. फाळके यांनी प्रथमोपचार केले. आणि पुढचे दृश्य चितेवर निश्चेष्ट पडलेल्या रोहिदासाचेच असल्यामुळे, मुलगा शुद्धीवर नाही अशा अवस्थेतच ते टिपून घेतले.

ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा कौतुकाने नव्हे, भयाने पुस्तक मिटले. योगायोगाला मन मोकळे ठेवावे, अवघड भावनांपासून पळू नये, त्यांना कामाला लावावे, हे सारे ऐकायला गोड लागते. त्याचे टोक हे असे असू शकते. बाप म्हणून त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल? ज्याने एकदा मूल गमावले आहे, त्याच्यासमोर दुसरे मूल चितेवर निपचित. हात मात्र कॅमेऱ्याच्या दांड्यावर. याला धैर्य म्हणावे की कठोरपणा? माझे मत विचाराल तर, मुलाला आधी मुंबईला न्यायला हवे होते आणि दृश्य नंतर पुन्हा घ्यायला हवे होते, मग ते थोडे कमी खरे दिसले असते तरी चालले असते. चित्रपटाच्या इतिहासकाराला हे पटणार नाही. पटू नये. परंतु या ग्रंथालयात आया आहेत, बाप आहेत; त्यांच्यासमोर ‘कलेसाठी सारे क्षम्य’ असे म्हणून मी पुढे जाऊ शकत नाही.

आणि सरस्वतीबाई? फाळके यांच्या या दुसऱ्या पत्नीने दागिने दिले, साठसत्तर माणसांचा स्वयंपाक केला, आणि रात्री दिवा मालवून कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम केले. भावनांचे नाट्य एकाच्या नावावर जमा होते आणि त्याचा व्यय दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या दिवसाला आपण भारतीय चित्रपटाचा प्रारंभ म्हणतो. प्लेगच्या त्या वर्षांत गुजरातेत आणि महाराष्ट्रात ज्या हजारो घरांतून माणसे गेली, त्यांतून मात्र बहुतेक ठिकाणी काहीही निर्माण झाले नाही. ती माणसे गेली, इतकेच. दुःखाचे उदात्तीकरण करताना हे भान सुटू नये.

सर्व मनस्ताप फळाला येतो असेही नाही, हे फाळके यांच्याच आयुष्याने दाखवले. पुढे भांडवलदारांबरोबर काढलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत बेबनाव झाला. ते रागावून काशीला गेले आणि तेथे नाट्यव्यवसायावर ‘रंगभूमी’ हे भलेमोठे नाटक लिहिले. ते रंगभूमीवर टिकले नाही. येथे राग होता, वेळ होता, पण मला वाटते, बाहेरून काही आत यायला फट नव्हती. रागाने मनाशी एकच वाक्य धरले होते.

भावना म्हणजे केवळ शोक नव्हे, हेही सांगायला हवे. आणि त्यासाठी बडोद्याबाहेर जावे लागत नाही. चिं. वि. जोशी हे येथे पालीचे अध्यापक, राजदफ्तराचे अधिकारी. दफ्तरातल्या पिवळ्या कागदांत बसणाऱ्या या विद्वानाने मध्यमवर्गीय संसारातल्या वैतागाला, फजितीला, ओशाळेपणाला चिमणरावाच्या रूपाने घर दिले. वैताग ही भावना इतकी क्षुद्र की साहित्यशास्त्राने तिला रसांत जागाही दिली नाही! उलट टोकाला माधव जूलियन: माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म याच शहरातला, १८९४ चा. फार्सीचे अध्यापक. १९२६ च्या ‘विरहतरंगा’त प्रेमातली तगमग, आणि त्याच माणसाच्या हातून ‘छंदोरचना’, म्हणजे मात्रा मोजण्याचे शास्त्र. ही दोन कामे एकमेकांना विरोधी आहेत असे वाटते. मला तसे वाटत नाही. तगमग ज्याला मोजून घेता येते, त्याच्याकडूनच ती कागदावर उतरते.

मग आपण, जे ना फाळके ना माधव जूलियन, त्यांनी काय करावे? उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण ग्रंथालयाने काय करावे, याविषयी दोन शब्द बोलतो, कारण ते आपल्या हाती आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये, पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये ही व्यवस्था त्यातून उभी राहिली. परंतु मला त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते ती निराळीच: वाचकाने चिठ्ठी देऊन खिडकीशी उभे न राहता स्वतः कपाटापर्यंत जावे, ही. चिठ्ठीवर आपण तेच पुस्तक लिहितो, जे आपल्याला आधीच ठाऊक असते. कपाटापाशी गेलेला हात मात्र शेजारच्या पुस्तकावरही पडतो. ज्ञानेश्वरीवरचे भाष्य घ्यायला गेलेला मनुष्य मधमाश्यांवरचे पुस्तक घेऊन परततो. याला वेळ लागतो, पुस्तके विस्कटतात, क्वचित गहाळही होतात. महाराजांनी ती किंमत मान्य केली.

आणखी एक. मन स्वस्थ नसलेला माणूस ग्रंथालयात येतो तेव्हा त्याला पुस्तक हवेच असते असे नाही. निवृत्त गृहस्थ, वैधव्य आलेली बाई, परीक्षेत नापास झालेला मुलगा. हे वाचनकक्षात तासन् तास एकच वर्तमानपत्र समोर धरून बसतात आणि आपले सेवक त्यांच्याकडे घड्याळाकडे पाहावे तसे पाहतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हातून काही निर्माण होईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. बहुधा होणार नाही. त्यांना बसू द्यावे, ते याकरिता नव्हे. त्यांना बसू द्यावे, कारण घरात त्यांना कोणी विचारीत नाही अशा काही गोष्टी येथे त्यांच्या बाजूला शांतपणे उभ्या असतात.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. देवघेव विभागाजवळ परत आलेली पुस्तके ज्या टेबलावर पडतात, ते टेबल आपण रोज संध्याकाळी आवरतो. शताब्दी वर्षापुरते तरी ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसेच राहू द्यावे. विषयवारी नको, अनुक्रमांक नको. कोणी काय वाचून आणून ठेवले आहे ते येणाऱ्याला दिसू द्यावे, आणि त्यातले पुस्तक तेथूनच उचलून नेण्याची मुभा द्यावी. नोंदवही सांभाळणाऱ्यांना याचा त्रास होईल, याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी मी चहापानाच्या वेळी बोलेन.